साठीला घर करायचं नाही, तर कधी?

आमच्या ओळखीतल्या काही घरांनी अलीकडे एक चांगली गोष्ट केली. साठी आली, पंच्याहत्तरी आली, तेव्हा त्यांनी कार्यालय घेतलं नाही, पत्रिका छापल्या नाहीत, स्टेज बांधलं नाही. त्यांनी गवंडी बोलावला, सुतार बोलावला, रंगारी बोलावला आणि पुढचं आयुष्य ज्या घरात काढायचं ते आपल्या सोयीचं आणि आपल्या आवडीचं करून घेतलं. वाढदिवसाच्या दिवशी घरची दहा-बारा माणसं जमली, औक्षण झालं, पुरणपोळी खाऊन सगळे आपापल्या घरी गेले. कुणाचं काही बिघडायचं कारण नव्हतं. पण बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं.

ते काय बोलतात, ते इतक्या वेळा ऐकलं आहे की पाठ झालं आहे. या वयात घराला कशाला एवढे पैसे घालायचे? आता दिवस किती राहिलेत? करायचं ते मुलं करतील, त्यांच्या पसंतीने. आणि बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे की! त्यापेक्षा चार माणसांना जेवू घाला, आशीर्वाद मिळतील. नाहीतर दान करा, पुण्य तरी लागेल. वाढदिवसाला घर सजवण्याचं हे खूळ आपलं नाही, बाहेरचं आहे. आणि साठीनंतर माणसाने हौस वाढवायची नसते, एकेक सोडत जायचं असतं.

हे म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकदा ती जवळची असतात, काळजीनेच बोलतात, म्हणून त्यांचं बोलणं लागतं. नवरा-बायको आठवडाभर शेडकार्ड पुढ्यात घेऊन बसलेली असतात, आणि थोरल्या भावाचा फोन येतो, ‘अरे, आता काय करायचंय आपल्याला!’ त्या एका वाक्याने शेडकार्ड ड्रॉवरमध्ये जातं आणि पुन्हा बाहेर येत नाही. माझा राग त्या वाक्यावर आहे. वरवर ते विरक्तीचं वाटतं. त्याचा खरा अर्थ असा की साठी ओलांडलेल्या माणसाला भविष्यकाळ नाही. हे मला मुळीच मान्य नाही.

दिवस किती राहिलेत, याचंच आधी बघू. आपल्या देशात साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षं जगतो. अठरा वर्षं म्हणजे आज जन्मलेलं मूल मतदानाला जाईपर्यंतचा काळ. तेवढा काळ गळका नळ, पोपडे धरलेली भिंत आणि निसरडी मोरी यांच्या संगतीत काढायचा, असं आपण एखाद्या तिशीतल्या माणसाला सांगू का? धोंडो केशव कर्वे यांची साठी १९१८ साली झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं होतं. ते गेले १९६२ मध्ये, साठीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. कर्व्यांएवढं आयुष्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे उघड आहे. मग उलट धरून चला; समजा दोनच वर्षं राहिली आहेत. ती दोन वर्षं अंधाऱ्या खोलीत काढावीत असा कुठे नियम आहे? दिवस थोडे असतील तर ते चांगले जावेत म्हणून खर्च करायचा, की थोडे आहेत म्हणून कसेही जाऊ द्यायचे?

परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारूच नये. आपल्याकडे साठीला महत्त्व आलं ते संवत्सरांच्या फेऱ्यामुळे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरं. माणूस साठ वर्षांचा झाला की त्याच्या जन्माच्या वेळचं संवत्सर परत येतं. १९६५च्या पाडव्यानंतर जन्मलेल्यांचं विश्वावसू संवत्सर २०२५च्या पाडव्याला पुन्हा लागलं. म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने साठी हा नव्या फेऱ्याचा पहिला दिवस आहे. ज्यांनी उग्ररथ शांतीपासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतचे टप्पे आखून ठेवले, त्यांनी साठीच्या माणसाला पुढे आणखी वीस-पंचवीस वर्षं धरली होती. निरवानिरवीची भाषा आपण नंतर आणली.

आता आपल्या घरांना रंग केव्हा लागत आला ते आठवून बघा. मुलीला बघायला येणार म्हणून लागला. मुलाची मुंज आहे म्हणून, लग्न ठरलं म्हणून, सून माप ओलांडणार म्हणून लागला. चांगल्या कपबश्यांचा सेट काचेच्या कपाटात, तो पाहुण्यांसाठी. घरच्यांनी कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा. पैसा आला तो आधी बाहेरच्या खोलीत गेला, कारण ती लोकांना दिसते. स्वयंपाकघर शेवटी, मोरी त्याच्याही शेवटी. मधली वर्षं मुलांच्या शिक्षणात गेली, कर्जाच्या हप्त्यांत गेली, आईवडिलांच्या आजारपणात गेली. हे सगळं आनंदाने केलं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण चाळीस वर्षं घर दुसऱ्यांच्या नजरेसाठी सांभाळलेल्या माणसाने एकदा ते स्वतःसाठी लावायचं ठरवलं, तर त्याला हौशी म्हणायचं? स्वार्थी म्हणायचं?

बाईचं तर आणखी वेगळं. माहेरच्या घरातली फरशी वडिलांनी निवडलेली असते, सासरची सासऱ्यांनी, फ्लॅटमधली बिल्डरने. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, त्यामुळे कागदावर बायकांची नावं यायला लागली, हे चांगलंच झालं. पण ज्या ओट्यापाशी ती रोज चार-पाच तास उभी राहते, त्याची उंची किती असावी हे तिला कुणी विचारलं?

माझ्या एका मावशीची उंची चार फूट दहा इंच आहे. तिच्या फ्लॅटमधला ओटा चौतीस इंचांचा होता, बिल्डरने सगळ्या इमारतीत दिला तसा. त्यावर शेगडी पाचेक इंचांची, शेगडीवर आमटीचं पातेलं आठ इंचांचं. म्हणजे आमटी ढवळायची तर हात खांद्याच्या उंचीला न्यायचा. यावर तिने स्वतःच उपाय काढला होता. देवघरातला लाकडी पाट ती पायाखाली घ्यायची. फोडणीला चढायचं, फ्रिजकडे जायला उतरायचं, पोळी भाजायला पुन्हा चढायचं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि घरातल्या कुणाला, आम्हा भाचरांनासुद्धा, त्यात काही वावगं दिसलं नाही. तिच्या साठीला मुलांनी कार्यालयाची चौकशी सुरू केली तेव्हा ती म्हणाली, मला ओटा करून द्या.

मिस्त्री चांगला होता. त्याने तिला अनवाणी उभं केलं, कोपरात हात काटकोनात वाकवायला सांगितला आणि टेप जमिनीपासून कोपरापर्यंत धरली. छत्तीस इंच. कापणं, मळणं, लाटणं हे कोपराच्या चार इंच खाली सोयीचं पडतं, म्हणून कामाचा ओटा बत्तीस इंचांचा झाला. शेगडीखालचा भाग आणखी चार इंचांनी उतरवला, अठ्ठावीसवर आणला. काळा ग्रॅनाइट, पुढची कड गोल घासून घेतलेली. सिंकच्या शेजारी दोन फूट जागा खालून मोकळी ठेवली, स्टूल आत सरकवून बसून भाजी निवडता यावी म्हणून. खालच्या फळ्या काढून ट्रॉल्या केल्या, म्हणजे डबा काढायला ओणवं व्हायला नको. आणि भिंतीला तिने मागितलेल्या हिरव्या टाइल्स लावल्या. कैरीचा हिरवा. दुकानदाराने तीन वेळा पांढऱ्या दाखवल्या, तिने तीन वेळा परत केल्या.

नातेवाइकांनी म्हणायचं ते म्हटलंच. ओटा पाडून कुणी वाढदिवस करतं का! तिची खांदेदुखी गेली असं मी सांगणार नाही, संधिवात काही ओट्याने जात नाही. पण पाटावर चढणं-उतरणं थांबलं. आज ती सत्तरी ओलांडून आपल्या हाताने, आपल्या उंचीच्या ओट्यावर स्वयंपाक करते. शाल-श्रीफळाने तिला हे दिलं असतं का?

स्वयंपाकघर माणसाच्या मापाने करायचं असतं, हे काही नवं नाही. मार्गारेट श्यूट-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईने १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, तेव्हा काम करणाऱ्या बाईची पावलं आणि हातांच्या हालचाली मोजून आखलं. खिडकीखाली बसून काम करण्याजोगा ओटा आणि फिरतं स्टूल त्यात होतं. आपल्याकडे तर बसूनच काम चालायचं. विळी, पाटा, चूल, सगळं जमिनीवर. उभ्याचा ओटा आला, धूर गेला, कंबरेचं वाकणं कमी झालं, पण बसायची सोयही गेली. ती परत आणायला साठावा वाढदिवस ही अगदी योग्य वेळ आहे, कारण गुडघे त्याच सुमाराला बोलायला लागतात.

इथे विरोधक थोडे नमतं घेतात. सोय ठीक आहे म्हणतात, पण ही सजावट कशाला? दिवे कशाला, रंग कशाला? मला विचारायचं आहे, सोय कुठे संपते आणि सजावट कुठे सुरू होते, हे ठरवलं कुणी? साठीच्या माणसाच्या डोळ्यात, पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक-तृतीयांश उरतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. पण आपल्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट असते पाठीमागच्या भिंतीवर. ओट्याशी उभी राहिलेली बाई स्वतःच्या सावलीत कोथिंबीर चिरते. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडीची पट्टी लावली की उजेड थेट ओट्यावर पडतो. ती पट्टी बघून शेजारीण म्हणते, काय झगमगाट केलाय! तो झगमगाट नाही, बोट कापू नये म्हणून केलेली तजवीज आहे.

पडण्याचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत सर्वाधिक साठीच्या पुढची असतात. आपली बाथरूम डोळ्यांसमोर आणा. चकचकीत फरशी, साबणाचं पाणी, दाराशी उंबरा, कमोडच्या बाजूला धरायला काही नाही. माणूस उठताना टॉवेलच्या दांडीला धरतो. ती दांडी दोन छोट्या स्क्रूंवर असते, पंच्याचं वजन पेलण्यासाठी लावलेली, माणसाचं नाही. दार आत उघडणारं. आत कुणी पडलं तर पडलेल्याच्या अंगानेच दार अडतं आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. खरखरीत टाइल्स, भिंतीत पक्क्या बसवलेल्या दोन दांड्या, उंबरा काढून दिलेला हलका उतार, बाहेर उघडणारं दार, पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी मंद दिवे. हे सगळं साठीलाच करायचं, पाय मोडल्यावर नाही. पाय मोडल्यावर घाईघाईने केलेलं काम दवाखान्याच्या घाईचं असतं. साठीला केलेलं स्वतःच्या निवडीचं असतं.

तरीही मी सगळं सोयीवर नेऊन ठेवणार नाही, कारण तसं केलं तर हौसेचा बचाव करायला मी घाबरलो असं होईल. रंगाची हौस ही हौस म्हणूनच योग्य आहे. बैठकीच्या एका भिंतीला गेरूचा रंग द्यावासा वाटला, पुस्तकांना छतापर्यंत फळ्या कराव्याशा वाटल्या, खिडकीपाशी झोपाळा टांगावासा वाटला, तर त्याला वैद्यकीय कारण कशाला हवं? विशीतल्या मुलीने खोलीला जांभळा रंग मागितला तर आपण कौतुकाने देतो. पासष्टीच्या बाईने मागितला तर तिला खुलासा का द्यावा लागतो?

आता कार्यालयातल्या साठीकडे वळू. दोनशे पानं धरली आणि पानाला सहाशे रुपये धरले, तर नुसत्या जेवणाचे एक लाख वीस हजार होतात. भाडं, सजावट, फोटोग्राफर, गुरुजी, निवेदक हे वेगळं. ज्याचा वाढदिवस तो सकाळपासून स्टेजवरच्या लाल खुर्चीत बसलेला असतो. साठ दिव्यांनी ओवाळून होतं, हार गळ्यात पडतात, रांग लागते, प्रत्येक जण नमस्कार करून फोटोसाठी बाजूला उभा राहतो. तीन तासांनी त्याला जेवायला सोडतात, तेव्हा मठ्ठा संपलेला असतो. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असूनही भिंतीवरची घड्याळं, चादरींचे सेट आणि गणपतीच्या फ्रेमा येतात आणि माळ्यावर जातात. ज्यांना असा सोहळा मनापासून आवडतो त्यांनी तो जरूर करावा. पण हा खर्च ‘माणसं जोडणारा’ आणि बाथरूम सुधारण्याचा खर्च ‘उधळपट्टी’ हे गणित मला कुणीतरी समजावून सांगावं. जेवून गेलेल्या दोनशेंपैकी पुढच्या महिन्यात घरी चहाला किती जण येतात? घर नीटनेटकं, उजेडाचं, चार माणसं आरामात बसतील असं असेल तर येणारी माणसं वर्षभर येत राहतात. माणसं जोडायची म्हणता, मग बसायला जागा नको का?

दानाचा मुद्दा मोठा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. ज्याने साठीची सगळी रक्कम शाळेला किंवा रुग्णालयाला दिली त्याच्यापुढे माझं काही म्हणणं नाही. पण हा मुद्दा निघतो कधी ते बघा. केटरिंगचं बिल देताना तो निघत नाही. सोन्याच्या बांगड्या घेताना, युरोपच्या टूरचे पैसे भरताना निघत नाही. म्हातारं जोडपं स्वतःच्या घराला हात लावतं, तेव्हाच समाजाला गरिबांची आठवण होते. आणि घरावर केलेला खर्च जातो तरी कुठे? गवंड्याकडे, सुताराकडे, प्लंबरकडे, रंगाऱ्याकडे, दिवसाच्या मजुरीवर आलेल्या बिगाऱ्याकडे. तो पैसा वाया गेला असं म्हणण्याआधी त्यांच्या घरी जाऊन विचारावं.

‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं. डहाणू-पालघरकडे वारल्यांच्या घरी लग्न असलं की भिंत सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. पालघाट देवी भिंतीवर आल्याशिवाय लग्न लागत नाही. गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधतात. कोकणात दिवाळीआधी अंगण चोपून सारवतात. आयुष्यातला मोठा दिवस आला की घराला हात लावायचा, ही आमचीच जुनी रीत आहे. घरात म्हाताऱ्या माणसाची जागा कुठे, हेसुद्धा जुन्या घरांना कळलं होतं. वाड्याची ओसरी, कोकणातली पडवी, गोव्यातल्या घरांचा बल्कांव, तिथे दगडी बैठकीवर बसलं की रस्ता दिसतो, येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो. फ्लॅट झाले आणि आजीचा पलंग गेला मधल्या खोलीत, जिथे खिडकी डक्टकडे उघडते. तो पलंग सकाळच्या उन्हाच्या खोलीत आणणं हेच कित्येक घरांतलं सगळ्यात मोठं इंटिरियर ठरेल.

मुलं करतील, असं म्हणतात. कुठली मुलं? मुलगा गावाबाहेर नाहीतर देशाबाहेर, मुलगी तिच्या घरी, तिच्या हप्त्यांत. आईवडिलांनंतर ते घर बहुतेकदा विकलं जातं आणि नवा मालक पहिल्याच आठवड्यात सगळं तोडून काढतो. म्हणजे ‘मुलांच्या पसंतीने होईल’ म्हणून थांबलेली माणसं एका अनोळखी माणसाच्या पसंतीसाठी थांबलेली असतात. मुलांवर प्रेम असेल तर स्वतः हिंडतं-फिरतं राहावं, मोडलेल्या खुब्यासाठी त्यांना विमानाने धावत यायला लावू नये.

रीडेव्हलपमेंटची सबब तर मुंबई-ठाण्या-पुण्यातल्या निम्म्या भिंतींवरच्या ओलीला कारण आहे. सोसायटीच्या सभेत विषय निघाला की दुसऱ्या दिवसापासून कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातली पत्रा चाळ आठवा. २००८ साली करार झाला, ६७२ कुटुंबं घरं सोडून बाहेर पडली, आणि दहा वर्षं उलटून गेली तरी ती भाड्याच्याच खोल्यांत होती. त्या काळात किती जणांची साठी झाली असेल, किती जणांची पंच्याहत्तरी, आणि किती जण घर बघायच्या आत गेले असतील! सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही, पुष्कळ इमारती वेळेवर उभ्या राहतात. पण बिल्डरच्या वेळापत्रकावर साठीच्या माणसाने आपले गुडघे का टांगून ठेवावेत? खणायला नको असेल तर खणू नका. दांड्या, दिवे, पलंग, कपाटं, रंग यांना किती पैसे लागतात? उद्या खरंच सामान बांधायची वेळ आली तर पलंग आणि दिवे बरोबर जातील.

घर एकदा झालं की झालं, ही समजूतही या सबबीला खतपाणी घालते. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरची वसाहत आखली, ती गवंड्याच्या मदतीने कुटुंबाने आपलं घर पुढे वाढवावं, बदलावं अशी आखली होती. चाळिशीत मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाभोवती लावलेलं घर पासष्टीला तसंच का राहावं? मुलं गेली, टेबल मात्र अजून खोली अडवून बसलंय, आणि बाई अजून शिवणाचं मशीन पॅसेजमध्ये मांडते.

उरला वानप्रस्थ. एकेक सोडत जावं, हे ज्यांना खरोखर जमतं त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण वानप्रस्थ म्हणजे घर सोडून वनात जाणं. जो वनात जात नाही, घरातच राहतो, मुलांचे फोन घेतो, नातवंडांना शाळेतून आणतो, सोसायटीचा हिशेब तपासतो, त्याने फक्त उजेड सोडायचा? स्वच्छ, कोरडी मोरी सोडायची? गैरसोय सहन करण्याला आपण वैराग्य म्हणत आलो आणि त्या नावाखाली आपल्या आईवडिलांना अंधारात ठेवलं. हे थांबायला हवं.

एका गोष्टीची बाजू मात्र मी घेणार नाही. हल्ली मुलं आईवडिलांना पंधरा दिवस गावी पाठवतात आणि त्यांच्या मागे घर पालटून टाकतात, वाढदिवसाची भेट म्हणून. परत आल्यावर बाबांची वेताची खुर्ची गेलेली असते, आईचं फडताळ गेलेलं असतं, छताला निळे दिवे लागलेले असतात. दोघं मुलांसाठी हसतात आणि रात्री पाण्याचा तांब्या कुठे ठेवायचा ते शोधत बसतात. ज्याचा वाढदिवस त्याला न विचारता लावलेलं घर म्हणजे पुन्हा दुसऱ्याचीच पसंती. पैसा मुलांनी द्यावा, मजूर मुलांनी आणावेत, धूळ मुलांनी झटकावी. पण रंग, उंची आणि काय ठेवायचं काय टाकायचं, हे साठीच्या माणसानेच ठरवावं. वेताची खुर्ची विणून घेता येते. फडताळाला पॉलिश होतं. ती सांभाळून घर नवं करणं हेच खरं कसबाचं काम आहे, आणि जुना सुतार ते आनंदाने करतो.

तेव्हा येत्या वर्षात ज्यांची साठी, सत्तरी, पंच्याहत्तरी आहे त्यांना माझं सांगणं आहे. कार्यालयाची तारीख धरायच्या आधी एक संध्याकाळ घरात फिरा. हातात टेप घ्या. ओट्याची उंची मोजा, आपल्या कोपराची मोजा. बाथरूमचं दार कुणीकडे उघडतं ते बघा. संध्याकाळी सात वाजता, तुम्ही रोज बसता त्या खुर्चीत बसून पेपरातली बारीक अक्षरं वाचता येतात का बघा. आणि तो रंग, जो तुम्हाला लग्नानंतर पहिल्या घराला द्यायचा होता पण तेव्हा पांढरा डिस्टेंपर स्वस्त पडला म्हणून राहून गेला, त्याचा छोटा डबा आणून भिंतीवर हातभर पट्टा ओढा. ‘आता काय करायचंय’ असा फोन आला तर सांगा, राहायचंय. पावसाळ्यात रंगारी मोकळे असतात, पण दसरा जवळ आला की मिळत नाहीत. त्यांना गणपतीतच सांगून ठेवा.